मोड

आमच्या इमारतीत लिफ्टला पैसे लागतात.
वर जायचे दहा तेत्री, खाली यायचं फुकट.
ग्ल्दानीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक,
पण ओतिया नवीन होता.
शिवणयंत्र, दोन खुर्च्या, चादरीत गुंडाळलेला आरसा,
आणि हातातली वीस लारीची नोट
भिंतीवरच्या लोखंडी पेटीला दाखवत उभा,
जणू पेटीला दया येईल.
"मोड आहे का?"
मी दहा तेत्री टाकले.
आरशात तेवढ्यात माझी फक्त चप्पल दिसली.

मी मेट्रोत काम करते.
सरकत्या जिन्याच्या तळाशी, काचेच्या खोक्यात,
लाल बटणाशेजारी.
कुणी पडलं तर दाबायचं.
सहा वर्षांत चारदा दाबलं:
एक म्हातारा, एक सूटकेस, एका मुलीचा मफलर,
आणि एकदा उगीच,
नूत्साचा बाप त्राब्झोनला कायमचा गेला त्या दिवशी.
सगळे जागच्या जागी थांबले,
वर जाणारेही.
बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नाणं परत आणलं.
तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याकडे मोड नव्हती.
चौथ्याही.
शिंप्याच्या खिशात सुटे पैसे नाहीत,
हे मी रोज नव्यानं खरं मानत गेले.
तिसऱ्या मजल्यावरची मेदिको म्हणाली,
"बाई गं, त्या माणसाचा प्रवास तुला महाग पडणार."

मग एका संध्याकाळी बरणी रिकामी.
नूत्साला विचारलं, तर ती वहीत तोंड खुपसून बसलेली.
आठ मजले चढलो, तो आणि मी,
तो अजून एक मजला पुढे जाणारा.
पाचव्या-सहाव्याच्या मध्ये दिवा नाही.
तिथे आम्ही जरा जास्त वेळ दमलो.

मला वाटलं पोरीनं रागानं लपवली नाणी.
रात्री केस विंचरताना तीच म्हणाली,
"लिफ्टमध्ये तुम्ही दोघं बोलतच नाही.
नुसते आकडे बघता."
आणि लगेच, "पण तो आपल्या टेबलाशी
बाबाच्या जागी बसणार नाही."
नाही बसत तो.
स्वतःची खुर्ची घेऊन येतो जिन्यानं,
परत घेऊन जातो.

माझ्या हिवाळी कोटाचं अस्तर उसवलं होतं.
ओतियानं ते टेबलावर पालथं घातलं,
खालच्या शिवणीतून नाणी निघाली,
किती वर्षांची कोण जाणे,
साठ-सत्तर तेत्री,
आणि एक तुर्की लिरा.
तो त्यानं वेगळा ठेवला, बशीच्या कडेला.
विचारलं काहीच नाही.
दोरा दातांनी तोडला.

त्या आठवड्यात लोबियोसाठी भिजवलेला राजमा
मी खिडकीत विसरले. असं कधी होत नाही माझं.
चौथ्या दिवशी ताट उघडलं, तर
दाण्यादाण्याला मोड.
आमच्याकडे असं कुणी खात नाही.
टाकून द्यायला निघाले, तर नूत्सानं अडवलं,
पत्र्याच्या डब्यात माती भरली,
आणि वरून ओतियानं, न मागता,
जाड काळा दोरा सोडला.
मी म्हटलं, मोडलेल्या घरातून
इतक्या वर काही जात नसतं.
कुणी ऐकलं नाही.
वेल सध्या कठड्याएवढी आहे,
पानांना कीड लागली आहे थोडी.

काल तो मेट्रोत आला.
सरकत्या जिन्याच्या टोकावर आधी बूट दिसले,
मग गुडघे, मग हातातली ती खुळी फुलं,
आधी पिशवीत लपवायची, मग नाही लपवायची,
असं चाललेलं.
लांबलचक जिना आहे आमचा,
माणूस पोचेपर्यंत
आपलं सगळं आयुष्य आठवून होतं.
माझा हात बटणावर होता.
थांबवता आलं असतं.
खाली यायचं फुकट,
येऊ दिलं.