सरळ कशाला म्हणायचं

इरण्णा, हात पूस आणि इकडं बघ.
मुसफ्फाच्या या गाळ्यात सकाळी नऊलाच बेचाळीस डिग्री,
आणि खलफानबाबाची लँड क्रूझर
पिवळा दिवा लावून उभी :
एक इवली गाडी, तिच्यामागं दोन नागमोडी रेघा.
बाबा विचारतो, रस्ता सरळ, मी सरळ,
मग ही बया भांडते कुणाशी?

आधी स्टिअरिंग धर. एका बोटानं.
फिरलं ना? तुला वाटलं, तू फिरवलंस.
खाली दांड्यात एक सळई आहे,
करंगळीहून बारीक.
तू वरून जोर लावतोस,
खाली टायर जमीन धरून बसतो,
मधल्यामधे तिला पीळ पडतो. दोनतीन अंश असेल.
तेवढा पीळ मोजायचा आणि मोटरला सांगायचं :
माणूस रेटतोय, हात लाव.
पार्किंगमधे मोटर भरभरून देते,
एकशेवीसला हात आखडते,
कारण त्या वेगात हलकं स्टिअरिंग
म्हणजे माकडाच्या हातचं कोलीत.

माझा बाप इचलकरंजीत मागावर जॉबर होता.
बोटाच्या पेरानं सुताचा ताण सांगायचा.
सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, आई म्हणायची,
त्यालाच म्हणायची.
इथं तसं नाही. सोड हात.
बघ, गेला पीळ. मोटर गप्प.

आता दुसरं.
दोन सीटांच्या मधे एक डबी बसवलीय,
साबणाच्या वडीएवढी.
तिला रस्ता दिसत नाही, बोर्ड वाचता येत नाही.
गाडी स्वतःभोवती किती गरकन वळतेय,
बाजूला किती ढकलली जातेय,
एवढंच तिला पोटात कळतं.
स्टिअरिंगचा कोन सांगतो, माणसाला जायचंय कुठं.
डबी सांगते, गाडी चाललीय कुठं.
हिशोब जुळला नाही
की चारातलं एखादंच चाक ब्रेकनं धरायचं.
शेपूट बाहेर पळालं, तर पुढचं, बाहेरच्या अंगाचं.
नाक वळेना, तर मागचं, आतल्या अंगाचं.
तुझा पाय ब्रेकवर असो नसो.
तू तर तेव्हा ओरडत असतोस.

मी ऐकलंय ते, एकदाच.
तारीफच्या पुढं, शमाल सुटलेला,
डांबरावर वाळूची साय.
पाठ सुटली गाडीची.
पायाखाली खर्र खर्र, कुणी करवत ओढावी तसं,
आणि मग मी माझ्याच लेनमधे. सरळ.
शेजारी दिलावर पठाण, मांडीवर डाळीचं भांडं.
एक थेंब सांडला नाही म्हणाला.
खोटं. अर्धी डाळ सीटवर होती.

तर, बाबाच्या गाडीत मोडलेलं काहीच नाही.
कुणीतरी अलाइनमेंट केली
आणि शून्य शिकवायचं विसरला.
चाकं सरळ, पण कोन म्हणतो, चार अंश डावीकडं.
डबी म्हणते, अरे, आपण वळतच नाहीय.
दोघंही खरं बोलतात.
म्हणून दिवा.

सपाट फरशीवर घे. स्टिअरिंग मधोमध.
कुणी टेकायचं नाही, दार आपटायचं नाही.
स्कॅनर लाव. आता सांग तिला :
हे सरळ. इथून मोज.

दोन वर्षांसाठी आलो होतो मी.
हे अकरावं.
कुठला दिवा लागल्याचं आठवत नाही.
असो. विझला बघ हा.

बाबा गावा ओततो, खजूर पुढं करतो.
शुक्रवारी लिवाला जाणार, नातवांना घेऊन.
वाळूत शिरताना काय करतोस, मी विचारतो.
तो बटण दाबून धरतो, एक, दोन, तीन,
पिवळा दिवा पुन्हा लागतो, बाबा हसतो :
तिथं हिला झोपवायची.
वाळूत गाडी घसरतच चालते, बेटा,
ही दर घसरणीला धावून आली
तर रुतून बसू सगळे.

पुन्हा बटण. दिवा गेला. बाबाही गेला.
टायरची हवा मोजायचं आपलं गेज
त्याच्या डॅशबोर्डावरच राहिलं.
राहू दे, इरण्णा. त्याला लागेलच तिथं.