जित्याची खोड

कोल्हापूरहून नत्राची गाडी दोन दिवस उशिरा आली,
आंबा घाटात कंटेनर आडवा पडला होता म्हणे.
तोवर कॅनमध्ये पट्टी घालून पाहिली:
तळाशी दोन बोटं द्रव, वर नुसता धूर.
शेट्ये सर म्हणाले, एक नळी काढ,
बघू किती उरल्यात.

जिताड्याच्या कल्ल्याच्या पेशी.
मासा सहा वर्षांपूर्वी काळबादेवीच्या खाडीतला,
त्याचं कालवण आम्हीच खाल्लं, डब्यातल्या भाताबरोबर.
कल्ल्याचा नखाएवढा तुकडा तेवढा मागे राहिला
आणि वाढतच गेला.

नळी कोमट पाण्यात हलवली,
बर्फाचा शेवटचा तांदूळ विरेपर्यंत.
मग थेंबाला थेंब निळा रंग.
मेलेली पेशी रंग आत घेते, जिती घेत नाही,
दार लावून बसते.
जित्याची खोड.
पाच मिनिटांच्या आत मोजायचं,
नाहीतर रंगच मारायला लागतो
आणि आपण आपलीच करणी मोजत बसतो.

काचेवर कोरलेले वाफे, चार कोपरे.
वरच्या नि डाव्या रेघेवरची आपली,
खालच्या नि उजव्या बांधावरची शेजाऱ्याची
(बांधाचा एवढाच वाद मला ठाऊक आहे
जो कोर्टात गेला नाही).
बावन्न, सत्तेचाळीस, पंचावन्न, अठ्ठेचाळीस.
निळ्या अडतीस.
शेकडा चौऱ्याऐंशी.
सरांनी वहीत खुशीनं सही केली.

पलीकडच्या बाकावरून तस्लीम सोलकर म्हणाली,
"दार बंद म्हणजे घरात माणूस आहे, असं थोडंच?
आमच्या आळीतली निम्मी घरं कुवेतला गेलीत."
तिची रीत पिवळ्या रंगाची.
चार तास थांबायचं.
आत चूल पेटती असेल तर पिवळ्याचं जांभळं होतं,
नसेल तर पिवळं पिवळंच.

घरी आई तिसऱ्या निवडत होती,
एकेकीवर सुरीच्या मुठीची टकटक.
मिटली ती जिती.
उघडीच राहिली ती केळीच्या बुंध्याशी.
मी तिला चौऱ्याऐंशी सांगितले.
"आन् चिकलाची?"

चिखलाची तिसरी.
शिंपले गच्च मिटलेले, वजनही बरोबर,
आत मांस कधीच संपलेलं,
त्या जागी खाडीचा गाळ.
टकटकीला आवाज जरा बद्द येतो,
तिला कळतो. मला अजून नाही.
एक जरी टोपात गेली
तर सगळं कालवण दाताखाली कचकचतं.

दुसऱ्या दिवशी बाटली भिंगाखाली धरली.
तळाला चिकटून पाय पसरलेल्या
निम्म्याही नसतील.
बाकीच्या गोल, चकचकीत, वरच्या वर तरंगत.
काल ह्यांनीच रंग नाकारला होता.
तस्लीमची तबकडीही फिकट, धुतलेल्या जांभळासारखी.

वहीतला आकडा खोडला नाही.
खोटा नव्हता तो, पाच मिनिटांपुरता खरा होता.
शेजारी पेन्सिलीनं लिहिलं: बसल्या निम्म्याहून कमी.
आणि त्याखाली, सरांना लागणार नाही अशा अक्षरात:
बद्द.

मग तरंगत्या ओतून टाकल्या,
बसलेल्यांना ताजं माध्यम घातलं, पाच मिली,
झाकण अर्धा आटा सैल.