गोडाऊन नंबर चार, पावणे

न्हावाशेव्याहून कंटेनर आला की
आम्ही सहाजणी टेबलाला लागतो.
बाटली उचलायची, पुसायची,
पाठीवर चिकटवायचं मराठीतलं लेबल:
मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.
दिवसाला अकराशे पाठी.
पाठीच म्हणते मी. तोंडं बघतील दुकानातले.

ह्या खेपेच्या बाटल्या वेगळ्या.
बुचाला तार नाही, सुतळी बांधलेली,
आडवी, उभी, वर गाठ.
तळाशी बोटभर गाळ.
मी म्हटलं, खराब माल आलाय, परत धाडा.
सावियो हसला.
सावियो तुस्कानो, आमचा क्लार्क. आडनाव अस्सल वसईचं,
पण इटलीचे कागद आले की
मामाचं पत्र सापडल्यासारखा वाचतो.

म्हणाला, मावशी, गाळ नाही, खमीर आहे ते.
बाटलीतच मरतं, तळाला बसतं,
जाताना थोडे बुडबुडे सोडून जातं.
थोडेच. लग्नात उडवतात ती फसफस नव्हे.
ही हळू बोलते.

गावाचं नाव त्याने तीनदा सांगितलं.
वाल्दोब्बियादेने.
शकू म्हणाली, वालाचं बिरडं?
सगळ्याजणी फुटल्या.

द्राक्षाचं नाव ग्लेरा.
मागे डोंगर, उत्तरेचा वारा अडवणारे,
पुढे लांब कुठेतरी समुद्र,
मधल्या उतारावर वेली.
उतार इतका उभा की यंत्र चढत नाही.
माणूस चढतो, गवताला धरून,
आणि पाट्या खाली सोडतो दोराने.

दोर म्हटल्यावर माझा हात थांबला.

माझा बा ताडावर चढायचा,
पायात दोराचा फास, कमरेला कोयती, पाठीला मडकं.
ह्या गोडाऊनचे ट्रक जिथे मागे लागतात
तिथे सात ताड होते.
पहाटे उतरवलेली गोड असायची, मुकी.
ऊन वर आलं की मडक्यात कुजबुज सुरू.
बा मडक्याला कान लावायचा नि म्हणायचा,
बोलाया लागली गो, आता ईक.
दुपारनंतर ती भांडायची.
तळाला तिच्याही गाळ.
तो शेवटचा घोट बा मातीला द्यायचा,
आई म्हणायची, वाया घालवतो.

ताड तोडले तेव्हा आम्हाला चेक मिळाला.
ते इटलीतले उतार, सावियो सांगतो,
जगाने सांभाळायचं ठरवलंय, तसा कागद आहे.
चांगली गोष्ट आहे.
रागाने नाही म्हणत मी.
निदान हातात लेबल असताना तरी नाही.

मंगळवारी एसी बंद पडला.
तीनच्या सुमाराला एक बूच सुटलं.
आवाज केवढा? मांजरीने शिंकावं तेवढा.
फेस टेबलावर आला, पांढरा, कसली घाई नसलेला.
सावियोने रजिस्टरात लिहिलं, ब्रेकेज एक.
पुसायला फडकं घेतलं मी,
आणि फडक्याच्या आधी बोट.

पांढऱ्या जामाचा वास.
जिभेवर आंबूस, हलकं,
मुंग्या नव्हेत, मुंग्या गेल्यावर उरते ती वाट.
शकूने विचारलं, कशी लागली?
मी म्हटलं, साडेनऊची.
तिला कळलं नाही. ती साताऱ्याकडची.

त्यानंतर लेबल मी दोन बोटं खाली लावत गेले.
पाठीवर एक बारीक डोंगर छापलाय, नुसत्या रेघांचा,
उतारावर ठिपक्याएवढा माणूस.
हानिकारक नेमकं त्याच्यावर येत होतं.

संध्याकाळी सुपरवायझरने चाळीस पेट्या परत केल्या.
नियमात बसत नाही. काढा. पुन्हा लावा.
काढली. पुन्हा लावली.

साडेआठच्या शेअर रिक्षात, कोपरखैरण्याला,
शेजारची कॉलेजातली पोरगी हळूच म्हणाली,
काकू, तुमच्या कोपराला काहीतरी चिकटलंय.
मी तिला वाचून दाखवलं.
ती हसायला लागली, मग मीही.
काढलं नाही मात्र.
घर येईपर्यंत राहू दिलं.