परत आलेल्या गोळ्या

दर तिसऱ्या महिन्याच्या सोमवारी
परळच्या त्या खोलीत, एक्स-रेच्या मागे,
मी परत आलेल्या बाटल्या मोजते.
निळा ट्रे, चपटी सुरी, पाच-पाचची रांग.
दिलेल्या नव्वद. उरायला हवं शून्य.
शून्य क्वचितच उरतं.

पुरुषोत्तम गोरक्षकर पंचेचाळीस परत आणतात,
दर वेळी नेमक्या.
मग एकदा म्हणाले, पुढच्या वेळी या पण उरणार नाहीत,
सम तारखा आता हिच्या, विषम माझ्या.
एक्केचाळीस वर्षांचा संसार,
मी एकटाच बरा होऊन काय करू?
प्रोटोकॉलमध्ये याला एक शब्द आहे.
तो मी त्यांना सांगितला नाही.

दमयंती नाखवा, वरळी कोळीवाडा, क्रमांक एकशे बारा:
बाटलीत सुया, पांढरा दोरा, पोलक्याची चार बटणं.
‘गोळ्या सपल्या. डबी कशाला वाया घालवू?’
मी शून्य लिहिलं,
शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

गोळ्या दोन तऱ्हेच्या, दिसायला जुळ्या.
एकीत ड जीवनसत्त्व, एकीत काही नाही.
काही नाही, त्याला आम्ही आपापसात खडू म्हणतो.
कुणाला कुठली, मला ठाऊक नाही,
डॉक्टर परेरांना ठाऊक नाही,
ठाऊक आहे कुलपातल्या एका पाकिटाला.
प्रश्न एवढाच, की साखर काठावर आलेल्या माणसाला
ही गोळी काठावरच धरून ठेवते का.

फॉर्मवर एक रकाना: रोज उन्हात किती वेळ?
तिथे दमयंतीबाई अडल्या.
ओट्यावर दहाला ऊन यायचं, म्हणाल्या,
आता टॉवर उठेपर्यंत साडेबारा होतात.
टॉवर उठेपर्यंत, असंच म्हणाल्या,
जसा घरातला कुणी उशिरा उठणारा.
‘बोंबील सुकत नाय धड,
मी काय सुकनार?’
रकान्यात दोन आकडी जागा होती फक्त.

चार वर्षांनी पाकीट उघडलं.
गोळीवाल्या शंभरांतले अठरा मधुमेहात गेले,
खडूवाल्या शंभरांतले एकवीस.
तीन माणसं.
डॉक्टर म्हणाल्या, तीन माणसं
निव्वळ योगायोगानंही इकडची तिकडं होतात.
उपयोग होतो, असं दिसलं नाही.
होत नाही, असंही सिद्ध झालं नाही.
ही दोन वाक्यं
सहभागींना कळतील अशा मराठीत लिहायचं काम माझं.
सात खर्डे झाले.
दर खर्ड्यात एक वाक्य दुसऱ्याच्या अंगावर पडायचं.

आणि ती तीन माणसं कोण,
हे तर गणिताला विचारताच येत नाही.

दमयंतीबाईंना खडू होता.
मी सांगितलं. त्या बराच वेळ
ट्रेकडे बघत राहिल्या.
‘मंग माजे गुडघे कशान थांबले?’
गुडघ्यांचा आमच्या अभ्यासात प्रश्नच नव्हता.
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.
‘खडूच ना? मंग दे आनखी दोन डब्या,
खडूला कसला कायदा?’
कायदा होता.
मी त्यांना रिकाम्या दोन दिल्या, बटणांसाठी.

रात्री काळाचौकीला घरी.
भावानं मस्कतहून पाठवलेली माशाच्या तेलाची बरणी,
झाकणावर हसरं हृदय, अडीचशे कॅप्सूल,
किंमत कळल्यावर बाबा म्हणाले होते,
एवढ्यात अख्खी सुरमई आली असती, डोक्यासकट.
त्या तेलावरचे निबंध मी वाचलेत.
कुणाला थोडं, कुणाला नाही,
त्यांच्या वयाला, त्यांच्या आजाराला, बहुधा नाही.
तरी भावाला फोनवर सांगते, हो, चालू आहे.
तेवढंच त्याला तिथून करता येतं.

बाबा आत दाढ घासतायत.
सवयीनं बरणी ताटलीत उपडी करते,
सुरीच्या पात्यानं पाच-पाच.
एकशे चार.
काल एकशे चार होत्या.
परवाही.

‘घेतली ना?’
‘घेतली की.’

मी त्या परत भरते
आणि झाकण घट्ट लावते,
तेल खवट होऊ नये म्हणून.