ग्लोनिंग

आयमथच्या वाचनालयात दर गुरुवारी साडेतीनला
आमचा चौघांचा डाव बसतो.
पत्ते नाहीत, पैसे नाहीत.
सहसा कुणाच्या तोंडी नसलेला एक इंग्रजी शब्द घ्यायचा,
त्यातलं एकच अक्षर बदलायचं, घालायचं किंवा काढायचं,
आणि जे उरेल त्याला अर्थ द्यायचा
बारशाला नाव ठेवावं तसा, सगळ्यांदेखत.
गुण मी लिहिते
पुस्तकं परतीच्या चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर.

टॉर्किल बेकरीवाला. हाताला पीठ, जिभेला धार.
डीफेनेस्ट्रेशन, म्हणाला, म्हणजे माणसाला खिडकीबाहेर फेकणं.
डी काढा, आर लावा. रीफेनेस्ट्रेशन:
फेकलेल्याला त्याच खिडकीतून परत आत घेणं,
शक्यतो जेवणं आटपायच्या आधी.
त्याची बायको तीन वर्षांत दोनदा माहेरी जाऊन आलेली.
आम्ही हसलो नाही. मग फार हसलो.

बर्फात अडकलेल्या जहाजांवर
देवमाशांचे शिकारी दारू पिऊन जो धुडगूस घालत
त्यालाही शब्द आहे: मॅलेमरोकिंग.
एफीनं त्याच्यापुढे नुसता एक एस आणून बसवला.
स्मॉलेमरोकिंग:
एक स्मॉल, दोन बिस्किटं, नऊच्या आत घरी.
त्या दिवशी मला भोपळा.

आणि एफीचा नवरा मंगो.
चाळीस वर्षं परक्या जहाजांना बंदरात आणून सोडणारा,
त्यामुळे बोलणं मोजकं, डावे-उजवेपुरतं.
ग्लोमिंग म्हणजे इथली संध्याकाळ,
जूनमध्ये पाहुण्यासारखी, निघते निघते म्हणत दारातच उभी.
मंगोनं तीन पायांच्या एमचा एक पाय काढून घेतला,
राहिला एन.
ग्लोनिंग: लोन काढून आणलेला उजेड.
मी दोन गुण दिले. नियमात एकच बसतो.

यंदाच्या मार्चात
एफीनं वाण्याची यादी आणून टेबलावर ठेवली.
मंगोचं अक्षर. ब्रेडच्या जागी ड्रेड.
पाव नव्हे, धास्ती. अर्धा किलो.
टॉर्किल टाळ्या वाजवत उठला,
माझ्या धंद्यावर पोट धरून हसायला लावलंस लेका!
गुण मंगोला.
पुढच्या आठवड्यात बटरचं बिटर झालं,
आणि वाचनालयाच्या वहीत सही आली: मँगो.
टॉर्किलनं डब्यातल्या आंब्याच्या फोडी आणल्या.
मंगोही हसला.
जरासा उशिरा.

एफी हसली नाही. ती चिठ्ठ्या मागू लागली,
जुन्या, दोन-दोन वर्षांपूर्वीच्या.
कुठपर्यंत खेळ होता आणि कुठून नाही
याची रेघ शोधत बसली
पेन्सिल हातात, टोक न टेकवता.
मी ग्रंथपाल. हरवलेली पुस्तकं मला सापडतात.
हे नाही सापडलं.

काल बंदरावर हार उतरली होती.
समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला इथे हार म्हणतात,
इथल्यांना त्यात काही वाटत नाही.
दिवा लावला. टॉर्किल गप्प गप्प बिस्किटं मोजत होता.
मंगोची पाळी.
त्यानं कागदावर हळूहळू, ओठ हलवत, एक शब्द लिहिला
आणि पहिल्यांदाच सुचल्यासारखा आमच्याकडे वळवला.
ग्लोनिंग.

आलेला शब्द पुन्हा आला तर गुण नाही.
हा नियम मंगोनंच केलेला.
एफी माझ्याकडे पाहत होती. मी पेनाच्या टोपणाकडे.
अर्थ? एफीनं विचारलं, अगदी पंचासारखं.
मंगो खिडकीकडे वळला, तिथे काही दिसत नव्हतं.
म्हणाला,
उजेड. हप्ते थकलेत.
पण माणूस अजून आला नाही न्यायला.

शब्द जुना, अर्थ नवा.
हे नियमात कुठे बसतं, मला ठाऊक नाही.
टॉर्किलनं बशी पुढे सरकवली.
मी लिहिलं, एक.