नववा दिवस

जालन्यात आमच्या गल्लीला
नळ नवव्या दिवशी येतो.
हात राखून जगायची सवयच पडलीय.

काबरा डॉक्टर विचारतात, रोज घ्यायलाव ना?
मी म्हणते, हो की.

पट्टी पिठाच्या डब्यामागं.
एक फोडली नणंदेच्या साखरपुड्याला,
एक शाळेच्या तपासणीआधी,
एक उगाच,
दुपारी तीनला, कुकरची वाफ जाताना.
बाकीचे दिवस छाती
कोरड्या टाकीतल्या मोटारीगत
नुसती हवा ओढते.
तरी म्हणते, असू दे,
याहून वाईट दिवस येईल,
तेव्हा लागंल.

आज नळ आला.
शिळं म्हणून अर्धा हंडा मोरीत ओतला.
मग हात पुसून
पट्टी उलटी करून बघितली.
तारीख मार्चातच संपलेली.