झाडं उभी आहेत तोवर

बाप उत्तरेकडून लॉरीच्या टपावर बसून आला तेव्हा
जवळ एक कोयता होता, आणि जिनची बाटली, उसनी.
बाटली त्याने नाना ओफोसुहेनेंच्या पायाशी ठेवली.
त्यांनी चार थेंब मातीला पाजले, बाकी पंचांना,
आणि म्हणाले, लाव.
तीन ढीग कर. एक आमचा, दोन तुझे.
झाडं उभी आहेत तोवर जमीन तुझ्याकडे.

कागद झाला नाही.
हद्दीवर न्तोमेची रोपं खोचली, बस.

एकेचाळीस वर्षं कोको उभा राहिला.
बाप आडवा झाला तरी उभा राहिला.
मग फांद्या सुजायचा रोग आला,
सरकारी माणसांनी खोडांवर पांढऱ्या फुल्या मारल्या
आणि तीन दिवस रानभर करवती.

चौथ्या दिवशी असिएदू आला, नानांचा भाचा.
त्यांच्यात कूळ आईकडून चालतं,
मामाची जमीन भाच्याला.
आम्हीही कूळच, दुसऱ्या अर्थाने:
आमचं चालायचं झाडाकडून.

सुनावणीचे एक मेंढा, दोन बाटल्या. मेंढा मीच नेला,
वाटेत दोनदा सुटला.
साक्षीदारांपैकी जिवंत एकटी पिनामांग.
म्हणाली, नाना ‘कोको’ नव्हते म्हणाले. ‘लाव’ म्हणाले होते.
याच्या बापाने कोला पण लावला. तो आहे ना उभा ओढ्याकाठी?

असिएदू हसला. तेव्हा तू नऊ वर्षांची पोर!
म्हणून तर आठवतं, ती म्हणाली.
तुम्ही सगळे पीत होता,
मी ग्लास धूत होते.

पंच बराच वेळ गप्प.
मग काठी आपटून तारीख दिली,
पुढच्या अदाएनंतरची. बेचाळीस दिवस.
मेंढा त्यांनी ठेवून घेतला.

येताना रानातून आलो.
बुंधेच बुंधे, आणि एकाला फूट,
लालसर, वीतभर.
याला झाड म्हणायचं का, पंचांनाच विचारावं लागेल.
रोगट निघालं तर सरकार उपटेल,
धड निघालं तर असिएदू.
तरी एक काटकी रोवली शेजारी,
सुतळी नव्हती, सदऱ्याच्या काठाने बांधलं.

घरी आईने विचारलं, काय झालं?
म्हटलं, कोयता कुठंय,
कोल्याखाली गवत फार माजलंय.